सफाईचे काम शिकून करावे

सकाळी साडेसहाची वेळ. मुंबईत, पुण्यात, नागपुरात मोठमोठ्या इमारतींच्या मागच्या दाराशी माणसे जमू लागतात. कुणी लोकलने आलेले असते, कुणी पायी. ती गणवेश घालतात, हजेरी लावतात, बादल्या आणि मॉप घेऊन कामाला लागतात. नऊ वाजता कचेरी भरते. येणाऱ्याला फरशी लख्ख दिसते. काचेवर एक डाग दिसत नाही. पण हे कुणी केले, ते त्याला दिसत नाही.

दवाखाने, शाळा, हॉटेले, विमानतळ, रेल्वेगाड्या, मॉल, सोसायट्या, सगळीकडे आज हे काम चालते. याला आता हाउसकीपिंग म्हणतात. तुमच्यापैकी कितीतरी जण हेच काम करत असतील.

"त्यात शिकायचे काय? झाडू तर घरोघरी सगळेच मारतात!" असे पुष्कळ लोक म्हणतात. हा समज चुकीचा आहे आणि तो महागात पडतो. अशा समजाने संगमरवरी फरशी खराब होते, कामगाराचा जीव धोक्यात येतो आणि दहा वर्षे काम करूनही पगार तिथेच राहतो.

या कामाला तीन गोष्टी लागतात. हात, बाटली आणि कागद. हाताचे काम तुम्हाला येते. बाटलीवरचे आणि कागदावरचे वाचता आले की तेच काम कसब होते. ते कसे, ते या पाठात पाहू.

हे काम कुणाचे?

आधी एक गोष्ट मोकळेपणी बोलू. आपल्या देशात सफाईचे काम शेकडो वर्षे जातीला बांधून ठेवले होते. बाप झाडू मारी, म्हणून मुलानेही झाडूच मारायचा. त्याने दुसरे काही शिकू नये, अशीच ती रचना होती. हा अन्याय होता. आपल्या घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदे झाले. माणसाकडून हाताने मैला उचलून घेणे हा गुन्हा ठरला. तरीही जुनी खोड पुरती गेलेली नाही. आजही गटारात उतरून मरणारी माणसे बहुतेक त्याच वस्त्यांतली असतात.

गाडगेबाबांचे नाव तुम्ही ऐकले आहे. त्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. गावात गेले की दिवसा हातात झाडू आणि रात्री कीर्तन, असा त्यांचा क्रम होता. १९५६ साली ते वारले, तोवर त्यांनी झाडू सोडला नाही. बाबांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. पण कीर्तनात ते लोकांना बजावीत, की एक वेळ ताटे मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला. मुंबईत १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी म्युनिसिपालिटीच्या कामगारांचा संघ उभा केला. झाडूवाल्यानेही हक्क मागितला पाहिजे, हे त्यांनी शिकवले.

यावरून काय ध्यानात घ्यायचे? काम हलके नसते. माणसाला कामाला जखडून टाकणे वाईट. सफाईचे काम आपल्या मर्जीने करावे, शिकून करावे, त्याचे पुरते दाम घ्यावे. आणि नको वाटेल तेव्हा ते सोडून दुसरे करायची वाट मोकळी असावी.

मळ कसा निघतो?

आता कामाकडे वळू. मळ सगळा एकसारखा नसतो. एक मळ कोरडा. धूळ, माती, केस. तो नुसत्या फडक्याने निघतो. दुसरा मळ तेलकट. स्वयंपाकघरातला चिकटा, हाताचे डाग. तो नुसत्या पाण्याने निघत नाही, कारण तेल आणि पाणी एकत्र होत नाही. तिथे साबण लागतो. साबणाच्या कणाला दोन टोके असतात. एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. असे धरून तो तेलाला पाण्याबरोबर ओढून नेतो. तिसरा मळ क्षारांचा. नळाखाली, संडासाच्या भांड्यात पांढरा-पिवळा थर बसतो, तो हा. हा थर साबणाला दाद देत नाही. त्याला आम्ल, म्हणजे ॲसिड लागते.

१९५९ साली हर्बर्ट झिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने सांगितले, की सफाईला चार गोष्टी लागतात. औषध, घासणे, ऊब आणि वेळ. यातली एक कमी केली, तर दुसरी वाढवावी लागते.

याचा आपल्याला उपयोग काय? पुष्कळ जण भांड्यात औषध ओततात आणि लगेच जोर लावून घासू लागतात. कंबर दुखते, डाग तसाच राहतो. त्याऐवजी औषध टाका आणि लेबलवर लिहिली असतील तितकी मिनिटे थांबा. तेवढ्यात आरसा पुसून घ्या. मग घासा. अर्ध्या जोरात डाग जातो. वेळ तुमच्या वाटचे काम करतो.

बाटली वाचा

सामानाच्या खोलीत रांगेने बाटल्या असतात. कामगार त्यांना आर-वन, आर-टू अशी नावे घेतात. मूळची ही एका कंपनीच्या मालाची नावे, पण आता धंद्यात सगळ्यांच्या तोंडी बसली आहेत. आर-वन बाथरूमसाठी. आर-टू फरशी आणि इतर पृष्ठांसाठी. आर-थ्री काचेसाठी. आर-फोर लाकडी सामानासाठी. आर-फाइव्ह वासासाठी. आर-सिक्स संडासाच्या भांड्यासाठी. आर-सिक्स आम्ल आहे, हे ध्यानात ठेवा.

रंग पाहून बाटली उचलू नका. कंपनी बदलली की रंग बदलतो. नाव वाचा.

आम्ल कुठे चालत नाही? संगमरवरावर चालत नाही. कोटा आणि शहाबादी फरशीवरही चालत नाही. हे तिन्ही दगड चुन्याच्या जातीचे. आम्ल पडले की बुडबुडे येतात, दगड खाल्ला जातो, झिलई जाते. मग तो डाग पुसून निघत नाही. फरशी मशीनने पुन्हा घासून घ्यावी लागते आणि त्याचा खर्च कुणाच्या डोक्यावर बसतो, ते सांगायला नको.

आता प्रमाण पाहू. लेबलवर १:५० असे लिहिलेले असते. म्हणजे औषध एक भाग, पाणी पन्नास भाग. एक लिटर म्हणजे १,००० मिलिलिटर. त्याचे पन्नास भाग केले तर एक भाग २० मिलिलिटरचा. म्हणून एक लिटर पाण्याला २० मिलिलिटर औषध. दहा लिटरच्या बादलीला २०० मिलिलिटर. मापाचे झाकण नसेल तर मागून घ्या. अंदाजाने ओतू नका.

"जास्त घातले तर जास्त स्वच्छ होईल," असे वाटते. तसे होत नाही. जास्त साबणाचा चिकट थर फरशीवर राहतो. त्यावर धूळ बसते आणि दुपारपर्यंत फरशी पुन्हा काळी दिसते.

आता सगळ्यांत मोठा धोका. दोन औषधे कधीही एकत्र करू नका. संडासाच्या आम्लात ब्लीच, म्हणजे हायपोक्लोराइट मिसळले, तर क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो. लहानशा बंद बाथरूममध्ये तो साचून राहतो. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, छाती भरून येते. फार झाले तर माणूस मरतो. अमोनिया असलेल्या औषधात ब्लीच मिसळले तरी विषारी वायू होतो.

असे झाले तर काय करायचे? औषध पुसत बसू नका. ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत या. दुसऱ्यालाही आत जाऊ देऊ नका. डोळ्यात काही गेले असेल तर निदान पंधरा मिनिटे साध्या पाण्याने धुवा. डॉक्टरकडे जाताना बाटली बरोबर न्या. बाटलीवरचे नाव वाचून डॉक्टरला इलाज ठरवता येतो.

आणखी दोन नियम आहेत. पाण्यात औषध घाला, औषधात पाणी घालू नका. आणि कोणतेही औषध पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. कुणीतरी ते पाणी समजून पिते.

फडक्याचा रंग

संडास पुसलेल्या फडक्याने कुणी जेवणाचे टेबल पुसले तर? नुसते ऐकूनच शिसारी येते. पण चार फडकी एकाच रंगाची असली, तर गर्दीच्या वेळी हे सहज घडते. म्हणून रंग ठरवलेले असतात. पुष्कळ ठिकाणी लाल रंग संडासासाठी, पिवळा हात धुण्याच्या जागेसाठी, हिरवा स्वयंपाकघरासाठी आणि निळा कचेरी व खोल्यांसाठी असतो. काही साइटवर रंग वेगळे असतात. म्हणून नव्या जागी गेलात की पहिल्या दिवशी भिंतीवरचा तक्ता वाचून घ्या.

काम वरून खाली करायचे. आधी पंखा, मग टेबल, शेवटी फरशी. आधी कमी घाण जागा, मग जास्त घाण जागा. बादल्या दोन ठेवायच्या. एकीत औषधाचे पाणी, दुसरीत मॉप पिळायचा. मॉप मारताना मागे मागे चालायचे आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हात फिरवायचा. म्हणजे धुतलेल्या जागी आपला पाय पडत नाही. 'फरशी ओली आहे' ही पाटी आधी लावायची, मग पाणी टाकायचे.

दवाखान्यातली सफाई

दवाखान्यात हेच काम औषधोपचाराइतके महत्त्वाचे असते. रोगी ऑपरेशनमधून वाचतो आणि पलंगाच्या कठड्यावरच्या जंतूंनी पुन्हा आजारी पडतो, असे होते. म्हणून तिथे कोरडा झाडू मारत नाहीत. झाडूने धूळ उडते आणि धुळीबरोबर जंतू उडतात. तिथे ओला मॉपच हवा.

रक्त सांडले असेल तर हातमोजे घाला. रक्तावर कागद किंवा फडके टाका. त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट ओता. दहा मिनिटे थांबा. मग उचला. बाटली ५ टक्क्यांची असेल, तर एक भाग औषधात चार भाग पाणी मिळवले की १ टक्क्याचे द्रावण होते. हे द्रावण रोज ताजे करायचे. ठेवून दिले की त्याची ताकद जाते.

दवाखान्याच्या कचऱ्यासाठी २०१६ सालचे नियम आहेत. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या आणि प्लॅस्टिक लाल पिशवीत. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काच निळ्या खुणेच्या खोक्यात. इथे एक फसगत होते, बरे का! मॉपचा लाल वेगळा आणि पिशवीचा लाल वेगळा. दोन्ही तक्ते निरनिराळे वाचा.

सुई टोचली तर घाबरून गप्प बसू नका. जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा. बोट दाबून रक्त काढू नका. लगेच सिस्टरला आणि सुपरवायझरला सांगा. एचआयव्ही टाळण्याचे औषध जितके लवकर, शक्यतो दोन तासांच्या आत, सुरू होईल तितके चांगले. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग होत नाही. कावीळ-बीची लस मात्र कामावर लागतानाच मागून घ्या. तिचे तीन डोस असतात.

मशीनला भिऊ नका

फरशी घासायच्या गोल ब्रशच्या मशीनला सिंगल डिस्क म्हणतात. नवा माणूस ती जोराने ढकलतो आणि मशीन त्यालाच ओढून भिंतीवर नेते. ढकलायची ती नाहीच. दांडा जरा वर उचलला की मशीन उजवीकडे जाते. जरा खाली दाबला की डावीकडे जाते. एवढे समजले की एका हाताने चालते. वायर नेहमी पाठीमागे ठेवा. ओल्या हाताने प्लग काढू नका. वायर कुठे सोललेली असेल तर मशीन लावूच नका, आधी कळवा.

जो मशीन शिकतो, त्याची साइटला गरज भासते. म्हणून मशीन आले की पुढे व्हा. स्त्रियांनीही पुढे व्हावे. "बाईमाणसाला जमायचे नाही," असे म्हणून मशीन पुरुषाच्या हाती देतात आणि पगारही त्याचाच वाढवतात. दांडा वर-खाली करायला पुरुषी ताकद लागत नाही.

पुढच्या पायऱ्या

पहिली पायरी सफाई कामगाराची. दुसरी मशीन चालवणाऱ्याची किंवा खास काम येणाऱ्याची. काच, संगमरवर, सोफा, ऑपरेशन थिएटर, अशी खास कामे असतात. तिसरी पायरी मुकादमाची, म्हणजे टीम लीडरची. चौथी सुपरवायझरची. त्यापुढे सगळी इमारत सांभाळणारा मॅनेजर असतो.

दुसऱ्या पायरीपर्यंत हात नेतो. तिसऱ्या पायरीपासून वही-पेन लागते. सुपरवायझर काय करतो? कोण कुठे काम करणार, त्याचा तक्ता लिहितो. हजेरी भरतो. औषध किती आले, किती गेले, किती उरले, ते मांडतो. संडासाच्या दारामागे कागद लावलेला असतो, त्यावर दर तासाची सही पाहतो. तक्रार आली तर ती लिहून घेतो आणि काय केले, ते कळवतो.

हे शिकायला दोन वर्षांचा कोर्स लागत नाही. आजच सुरुवात करा. दारामागच्या कागदावर अंगठ्याऐवजी सही करा. वेळ आकड्यात लिहा. रात्री स्वतःच्या वहीत लिहा, आज कुठली बाटली किती वापरली. सहा महिन्यांनी सुपरवायझर सुट्टीवर जाईल. तेव्हा त्याची वही कोण लिहील? ज्याला येते तोच लिहील.

सरकारी कौशल्य-शिक्षणाची केंद्रेही आहेत. ज्याला काम येते पण कागद नाही, त्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही आहे. "पैसे भरा, नोकरी लावतो," असे म्हणणाऱ्या दलालापासून मात्र दूर राहा.

खोटी आशा दाखवायची नाही. या धंद्यात पगार कमी आहे आणि बहुतेक काम कंत्राटावर चालते. दर दोन-तीन वर्षांनी कंत्राटदार बदलतो, पाटी बदलते, गणवेशाचा रंग बदलतो. कामगार तोच राहतो. पण नव्या कंत्राटदाराच्या वहीत तो पहिल्या दिवसाचा नवखा ठरतो. दहा वर्षांची नोकरी पुसली जाते. ती पुसू द्यायची नसेल तर कागद सांभाळा.

कागद वाचा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांनुसार प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र मिळाले पाहिजे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाला पाहिजे. सरकारने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. ठरल्यापेक्षा जास्त तास काम केले तर त्याचे दाम दुप्पट दराने मिळाले पाहिजे. कंत्राटदाराने पगार बुडवला, तर ज्याच्या इमारतीत तुम्ही राबता त्या मूळ मालकावर तो देण्याची जबाबदारी येते.

पगाराच्या पावतीवर दोन कपाती असतात. एक पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी. दुसरी ईएसआय, म्हणजे कामगार विमा. हिशेबाला सोपे जावे म्हणून कपातीचा पगार १२,००० रुपये धरू. पीएफ १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये तुमच्या पगारातून जातात. मालकालाही तेवढेच भरावे लागतात. ईएसआयचे तुमचे पाऊण टक्का, म्हणजे ९० रुपये. मालकाचे सव्वातीन टक्के, म्हणजे ३९० रुपये. मालकाचा वाटा तुमच्या पगारातून कापता येत नाही.

पीएफचा एक बारा आकडी नंबर असतो. त्याला यूएएन म्हणतात. कंत्राटदार दहा वेळा बदलला तरी हा नंबर तोच राहतो. नवा कंत्राटदार नवा नंबर काढू लागला तर जुना नंबर दाखवा. आधार कार्ड, बँक आणि पीएफ, तिन्हीकडे नावाची अक्षरे एकसारखी आहेत का, ते स्वतः वाचून पाहा. एका वेलांटीने स्वतःचेच पैसे अडकतात.

नेमणुकीचे पत्र, ओळखपत्र, पगाराच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. जुने म्हणून फेकू नका. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा हुकूम २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. कचरा वाहतूक श्रमिक संघ या त्यांच्या संघटनेने त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला. अशा झगड्यात "मी तिथे काम करत होतो," हे सिद्ध करावे लागते. तोंडी सांगून ते होत नाही. तिथे कागदच बोलतो.

'नाही' केव्हा म्हणायचे

चांगला कामगार सांगितलेले काम करतो. पण काही कामांना 'नाही' म्हणणे हेच शहाणपण.

"अरे, दोन मिनिटांचे काम आहे. गटार तुंबलेय, जरा उतर ना!" असे कुणी म्हटले तर उतरू नका. गटारात आणि मैल्याच्या टाकीत विषारी वायू असतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. वायू वाढला की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते, वायू गेला. तो दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. २०१३ च्या कायद्याने पुरेशा साधनांशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. असा मृत्यू झाला तर घरच्यांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितले. पण तीस लाखांनी माणूस परत येत नाही.

पट्टा आणि दोर नसताना उंच काचेवर चढायलाही 'नाही' म्हणा. लेबल नसलेली बाटली वापरायलाही 'नाही' म्हणा.

भगिनींनो, कामावर कुणी अंगचटीला आला, घाणेरडे बोलला, तर तेही सोसायचे नाही. दहा किंवा जास्त माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार ऐकणारी समिती असलीच पाहिजे, असा २०१३ सालचा कायदा आहे. तुम्ही कंत्राटावर असलात तरी तो तुम्हाला लागू आहे. तक्रार लेखी द्या आणि तिची एक प्रत आपल्याकडे ठेवा.

आपला धंदा आपल्या हाती

पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. २००८ साली त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार केला. उकिरड्यावर वेचणाऱ्या बाया घरोघर जाऊन कचरा गोळा करू लागल्या. घरटी त्याचे पैसे ठरले. संस्थेच्या मालकीणही त्याच. एकटीला जे जमले नसते, ते एकीने जमले.

तुम्हीही दोघे-तिघे मिळून लहान धंदा करू शकता. जिने धुणे, सोफा धुणे, रिकामे घर राहायला येण्याआधी साफ करणे, अशी कामे शहरात सतत निघतात. पण भाव सांगण्याआधी हिशेब मांडा. समजा, दोन माणसांची मजुरी १,६०० रुपये. औषधे २०० रुपये. जाणे-येणे २०० रुपये. मशीनची झीज २०० रुपये. बेरीज २,२०० रुपये. गिऱ्हाईक म्हणते, "दोन हजारांत करा." कागद नसेल तर आपण 'बरे' म्हणतो आणि दोनशे रुपये पदरचे घालून येतो. कागद असेल तर तो दाखवून भाव धरता येतो.

मशीनसाठी पैसे हवेत तर सावकाराकडे जाण्याआधी बँकेत चौकशी करा. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते.

सांगा पाहू

१. लेबलवर १:५० असे लिहिले आहे. बादलीत ५ लिटर पाणी आहे. औषध किती घालाल?

२. हायपोक्लोराइटची बाटली ५ टक्क्यांची आहे. २०० मिलिलिटर औषधाचे १ टक्क्याचे द्रावण करायचे आहे. पाणी किती घालाल?

३. शहाबादी फरशीवर कोणती बाटली कधीच वापरायची नाही? का?

४. पगार १४,००० रुपये आहे. ईएसआयचे तुमचे पाऊण टक्का किती रुपये झाले?

५. आपल्या पगाराच्या पावतीवर यूएएन कुठे आहे, ते शोधा. तो वहीत लिहा. बारा आकडे आले का, मोजून पाहा.

६. ज्यांच्याकडे नेमणुकीचे पत्र नाही, त्यांनी ते मागण्याचा चार ओळींचा अर्ज लिहून आणा. वर तारीख घाला. खाली स्वतःची सही करा.